फोन जप्त, टोळी मोकळी

वर्ध्याच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला: अठरा वर्षांखालच्या पोरांच्या हाती मोबाईल नको. तेव्हा ती बातमी अनेकांना गमतीची वाटली. डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी आली आणि बान्सी एकदम काळाच्या पुढचं गाव ठरलं. आता पालकसभेत निकाल आधीच लागलेला असतो: या डबड्यानंच पोरांचं वाटोळं केलं.

निकाल फार सोयीचा आहे. त्यात गुरुजी सुटतात, आईबाप सुटतात, आणि छळणारी टोळीही सुटते.

मुलांमधल्या छळाच्या अभ्यासाचे अध्वर्यू म्हणजे नॉर्वेत काम केलेले डान ओल्वेउस. त्यांनीच २०१२ मध्ये सवाल केला होता, की ऑनलाइन छळाचा गवगवा जरा जास्तच होतोय का? डीटर वोल्के आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या २,७४५ विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. २९ टक्के मुलांनी छळ होत असल्याचं सांगितलं. फक्त ऑनलाइन छळ सोसणारी मुलं एक टक्का निघाली. म्हणजे रात्री ग्रुपवर टिंगल करणारा बहुधा सकाळी मागच्या बाकावर बसलेला असतो.

समुद्रपूर नाहीतर कारंजा घाडगेकडून वर्ध्याला अकरावीला येणारा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. पहाटेच्या एसटीत तोंड उघडं टाकून झोपलेला असताना त्याचा फोटो निघतो. दुपारपर्यंत त्याचा स्टिकर होतो. वर्गात त्यानं ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हटलं, की हशा. दोघं स्टिकर बनवतात, चार-सहा जण हसरे चेहरे टाकतात, उरलेले नुसते बघतात. क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली यांनी फिनलंडमध्ये १९९६ साली याच बघणाऱ्यांवर बोट ठेवलं. कोण साथ देतं, कोण हसून बळ देतं, कोण मध्ये पडतं, हे त्यांनी तपासलं. पुढे ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. प्रेक्षक उठले, की तमाशा फार वेळ चालत नाही.

इकडे घरी मुलाचं पोट दुखू लागतं. झोप उडते, बस रोज चुकू लागते, गुण घसरतात. आई ओवा देते. १९५८ साली जन्मलेल्या ब्रिटिश मुलांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात बालपणीच्या छळाच्या खुणा पन्नाशीतही सापडल्या: नैराश्य, चिंता, एकटेपण. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १,४२० मुलांच्या अभ्यासात सर्वांत वाईट अवस्था निघाली ती स्वतः छळ सोसून दुसऱ्याला छळणाऱ्यांची. ‘शाळेत सगळ्यांनाच चिडवतात, त्यानं पोरगं कणखर होतं,’ म्हणणाऱ्या काकांनी हे जरूर वाचावं.

पण ओल्वेउस यांच्या व्याख्येशीही वाद घालायला हवा. हेतू, सातत्य आणि बळाची तफावत हे त्यांचे तीन निकष. ते साताऱ्याच्या शाळेला लावून बघावेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये सांगितलंय: वर्गात कोपऱ्यात गोणपाटावर वेगळं बसायचं, शाळेची झाडलोट करणाराही त्या गोणपाटाला शिवणार नाही, म्हणून तो संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. नळाला हात लावायचा नाही. शिपायानं सोडलं तर पाणी, तो नसला तर तहान. इथे सातत्य आहे, तफावतही आहे. पण हेतू कोणाचा? शिपाई नियम पाळत होता, गुरुजी नियम पाळत होते. कुणीही दात-ओठ न खाता एका लहान मुलाला रोज सांगितलं जात होतं, की तू इथला नाहीस. गुंड शोधत बसलं, तर ही शाळा निर्दोष सुटते.

आजच्या शाळेतही उतरंड मुलं स्वतः रचत नाहीत, तिथेच उचलतात. ‘ढ’ हा शिक्का गुरुजींचा असतो. सर बाहेर गेले, की मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो. कुणाचं नाव पुसायचं, हेही तोच ठरवतो.

ही उतरंड शाळेबरोबर संपत नाही. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवलं. त्या जळगावकडच्या आदिवासी कुटुंबातल्या होत्या. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळाचा आरोप झाला. कुटुंबाच्या आरोपांत लोकांसमोर केलेला अपमान होता, तशीच व्हॉट्सॲपवरची टिंगलही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. तो तेव्हा वीस वर्षांचा होता.

एवढं झाल्यावर बान्सीच्या ग्रामसभेला मात्र एक मुद्दा द्यावा लागतो. पूर्वी शेवटच्या एसटीबरोबर छळ मागे राहायचा. आता तो उशाशी येतो, आणि बघणाऱ्यांची संख्या वर्गाबाहेर जाते. म्हणून रात्री फोन बाजूला ठेवायला लावणं शहाणपणाचंच. पण तोच फोन पुरावाही जपतो. पायल यांनी मृत्यूपूर्वी लिहिलेल्या चिठ्ठीचा मूळ कागद सापडला नाही. तिची छायाचित्रं फोनमधून मिळाली.

फोनच्या पलीकडे जाऊन उतरंडच मोडण्याची वर्ध्याला तर जुनी ओळख हवी. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथे शिक्षण परिषद भरली, हातांच्या कामातून शिकवणाऱ्या नई तालीमची मांडणी झाली; झाडू आणि स्वयंपाक अभ्यासक्रमात आले. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवे विद्यार्थी आजही आधी आश्रमात शिबिर करतात, सगळे खादीत, सगळे झाडलोटीला. शिबिर संपतं आणि वॉर्डची उतरंड सुरू होते, हे खरं. तरी सुरुवात योग्य टोकाकडून आहे. बहुतेक शाळांच्या वाट्याला तेवढंही नाही. तिथे तक्रारपेटी शिक्षकखोलीसमोर टांगलेली असते आणि मधल्या सुट्टीत चिठ्ठी कोण टाकतंय, ते अख्ख्या शाळेला दिसतं. मुलांच्या मदतीचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक तिच्यावर लिहायला खर्च येत नाही. पुढच्या पालकसभेत फोनचा ठराव जरूर व्हावा; त्याच कागदावर पेटीची जागा बदलण्याचा आणि फळ्यावरची नावं बंद करण्याचा ठरावही घ्यावा, आणि मागच्या बाकावरच्या मुलांच्या आईबापांची त्यावर सही घ्यावी.