चौथे ऋण

माणूस जन्माला येतो तो ऋण घेऊनच, ही कल्पना आपल्या धर्मविचारात फार जुनी आहे. तैत्तिरीय संहितेने ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे सांगितली. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणाची भर घातली आणि ते फेडण्याचा मार्गही अगदी साधा सांगितला : माणसाला आसरा द्यावा, अन्न द्यावे. पहिल्या तीन ऋणांची मीमांसा शास्त्रकारांनी विस्ताराने केली; हे चौथे मात्र, इतके उघड वाटल्यामुळे की काय, बरेचसे मागे पडले. ज्याला आसरा द्यावयाचा तो वाटसरू केव्हा ना केव्हा उंबरठ्याशी येऊन उभा राहीलच, हे त्या ऋषींनी गृहीत धरलेले दिसते. परंतु ज्या घराला उंबरठाच नाही, ज्याच्या आसपास पायवाट नाही, त्या घरच्या धनवंताचे मनुष्यऋण कोणते, आणि ते त्याने कोणाला फेडावे?

हा प्रश्न आता केवळ तर्काचा राहिलेला नाही. मोझांबिक देशाच्या उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतासमोर, किनाऱ्यापासून पन्नासएक किलोमीटरांवर आणि सुमारे दोन हजार मीटर खोल पाण्यावर, ‘कोरल सूल’ नावाचा एक तरंगता कारखाना नांगरून ठेवलेला आहे. त्याची लांबी ४३२ मीटर आणि रुंदी ६६ मीटर असून सुमारे साडेतीनशे माणसांची राहण्याची सोय त्याच्यावरच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या जीवांच्या अवशेषांपासून सिद्ध झालेला नैसर्गिक वायू समुद्रतळातील सहा विहिरींतून वर येतो, त्यातील पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि पारा निराळा काढला जातो, आणि मग उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यावर तोच वायू आपल्या मूळ आकारमानाच्या सहाशेव्या हिश्शात मावणारा द्रव होऊन जहाजाच्या पोटातील टाक्यांत साठतो. तेथून तो शेजारी येऊन लागलेल्या टँकरमध्ये भरला जातो आणि परस्पर दूरदेशी रवाना होतो. वर्षाला ३४ लक्ष टन इतकी या कारखान्याची क्षमता. पहिला टँकर येथून २०२२ च्या नोव्हेंबरात सुटला. खडकापासून ग्राहकापर्यंतच्या या साऱ्या प्रवासात तो वायू मोझांबिकच्या भूमीला कोठेही स्पर्श करीत नाही.

या रचनेचा गुण प्रथम मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे. त्याच सागरी खोऱ्यातील दुसऱ्या साठ्यासाठी अफुंगी द्वीपकल्पावर जो कारखाना योजला गेला, त्याच्यापायी शेकडो कुटुंबांना घरे आणि शेते सोडावी लागली, आणि कोळ्यांची नेहमीची किनारपट्टी त्यांना पारखी झाली. तरंगत्या कारखान्याने कोणाचे शेत घेतले नाही, कोणाची चूल विझवली नाही. अहिंसेचा विचार करणाऱ्याने ही गोष्ट क्षुल्लक मानू नये.

तरीही आपल्या इलाख्यातील अनुभव मला निराळे काही सुचवितो. मुंबई हायचा शोध १९७४ साली लागला. तेथील वायू समुद्राखालच्या नळांतून उरणला येतो आणि थळच्या खतकारखान्यालाही पुरविला जातो. नळ जमिनीवर आला की त्याच्याबरोबर शेजार येतो. ज्याची जमीन गेली तो मोबदल्याचा अर्ज करतो, त्याचा मुलगा नोकरी मागतो, मच्छीमार तक्रार घेऊन फाटकाशी उभा राहतो, आणि त्या अर्जांचा निकाल न्याय्य लागो वा अन्याय्य, दप्तरात त्यांची नोंद तरी करावी लागते. मागणारा समोर असणे, हाच मनुष्यऋणाचा पहिला पुरावा आहे. पन्नास किलोमीटर दूरच्या अथांग पाण्यावर असा अर्जदार पोचत नाही.

याचा खरा अर्थ काबो देल्गादोत दिसून आला. तेथे २०१७ च्या ऑक्टोबरात सशस्त्र बंडाळी सुरू झाली आणि पुढे लाखो माणसे परागंदा झाली. २०२१ च्या मार्चमध्ये अफुंगीजवळच्या पाल्मा शहरावर हल्ला झाला. पुढच्याच महिन्यात अफुंगीच्या मक्तेदार कंपनीने करारपालन अशक्य झाल्याचे जाहीर करून काम थांबविले. त्याच काळात ‘कोरल सूल’ दक्षिण कोरियातील गोजे बेटाच्या गोदीत पूर्ण होत होते. ते वर्षअखेरीस निघाले, २०२२ च्या आरंभी जागेवर पोचले, आणि किनाऱ्यावर शांतता नसतानाही त्याचे उत्पादन सुरू झाले. बंडाळीचा दोष मी त्या कारखान्याला देत नाही. परंतु जमिनीवरच्या मालकाला शेजाऱ्याचे सुख निदान स्वतःच्या स्वार्थासाठी तरी पाहावे लागते, कारण गाव पेटले तर कारखानाही बंद पडतो. तरंगत्या कारखान्याने नफा आणि शेजाऱ्याची शांतता यांतील हा जुना संबंधच तोडून टाकला आहे. आजवर धर्माला स्वार्थाचा जो टेकू मिळत होता तो येथे निघून गेला आहे, आणि धर्म स्वतःच्या बळावर उभा राहू शकतो की नाही, याची परीक्षा आता सुरू झाली आहे. याच धर्तीचे पहिले जहाज, मलेशियाचे ‘पीएफएलएनजी सातू’, २०१६ साली सारावाकच्या समुद्रात सुरू झाले आणि २०१९ मध्ये ते साबाहच्या समुद्रात हलविलेही गेले. ज्याला जागा सोडून जाता येते त्याच्या बाबतीत तर ही परीक्षा अधिकच कठीण.

यावर कोणी म्हणेल की, कंपनी सरकारी खजिन्यात महसूल भरते आणि तेवढ्याने तिचे देणे फिटते. मोझांबिकने २०२३ साली कायदा करून वायूच्या उत्पन्नातील ४० टक्के हिस्सा पहिली पंधरा वर्षे एका राखीव निधीत ठेवण्याची तजवीज केली आहे, आणि ती दूरदर्शीपणाची आहे. पण महसूल ही राष्ट्राच्या मालकीच्या वस्तूची किंमत आहे. किंमत चुकविली म्हणून मनुष्यऋण उतरत नाही. आणि राजधानी मापुतोचा खजिना पाल्माच्या निर्वासितापासून दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

अधिक सूक्ष्म आक्षेप असा की, ऋण जन्मास येणाऱ्याला असते. कंपनी कोठे जन्मते? ती नोंदणी-दप्तरातून अस्तित्वात येते, तिला पितर नाहीत आणि उपाशीही राहावे लागत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच ते ऋण कंपनीच्या आडून पुढे सरकून माणसांवर येते : जे तो वायू जाळतात त्यांच्यावर, आणि ज्यांच्या भांडवलावर ही कामे चालतात त्यांच्यावर. त्यांत आपणही आहोत. अफुंगीच्या योजनेला ज्या सागरी क्षेत्राचा वायू मिळावयाचा, त्या क्षेत्रात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे, आणि या कंपन्यांची सूत्रे आपल्याच सरकारच्या हाती आहेत. त्यांच्या ज्या वार्षिक अहवालांत साठे, खर्च आणि लाभांश यांचा हिशेब मांडला जातो, त्यांतच काबो देल्गादोतील पाल्मा आणि मोसिंबोआ दा प्राया येथील विस्थापितांसाठी आपल्या हिश्शातून काय केले, याचेही एक स्वतंत्र प्रकरण दरसाल असावे, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी संसदेत केली पाहिजे.