खेळाडूचा अपराध आणि समाजाची क्षमा

मनुष्य चुकतो आणि चुकलेल्यास सुधारण्यास अवकाश मिळाला पाहिजे, हे तत्त्व आपल्या समाजास नवे नाही. वाल्याचा वाल्मीकी झाला ही कथा आपल्याकडे आजी नातवंडांस पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहे. परंतु एखादे तत्त्व सर्वमान्य असले म्हणजे त्याचा उपयोगही न्यायानेच होतो असे नाही. एखाद्या नामांकित धंदेवाईक खेळाडूवर पत्नीस मारहाण केल्याचा किंवा तिचा छळ केल्याचा आरोप आला, की हे तत्त्व ज्या तत्परतेने पुढे केले जाते, ती तत्परता त्याच अपराधाबद्दल एखाद्या कारकुनाच्या किंवा गिरणीकामगाराच्या वाट्यास येत नाही. म्हणून अशा खेळाडूस पुन्हा संधी द्यावी की देऊ नये, हे ठरविण्यापूर्वी संधी कसली, ती द्यावयाची कोणी आणि कोणत्या अटींवर, याचा विचार आधी झाला पाहिजे.

हा प्रश्न दूरदेशीचा आहे असे आम्हां नागपूरकरांनी समजण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये जामठ्याच्या मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा कसोटी सामना झाला. तो भारताने तिसऱ्याच दिवशी एक डाव आणि १३२ धावांनी जिंकला. त्यात श्री. मोहम्मद शमी यांनी गोलंदाजी तर केलीच, शिवाय ३७ धावा काढून प्रेक्षकांस खूष केले. या सामन्याच्या अडीच आठवडे आधी कलकत्त्याच्या अलीपूर न्यायालयाने, त्यांच्यापासून विभक्त राहणाऱ्या पत्नीस दरमहा ५०,००० रुपये देण्याचा आदेश त्यांस दिला होता. त्याच फेब्रुवारीत, एके काळी साऱ्या महाराष्ट्राच्या गळ्यातला ताईत झालेले श्री. विनोद कांबळी यांच्यावर, पत्नीच्या तक्रारीवरून, वांद्रे पोलिसांनी गुन्हा नोंदविला. धरमपेठेसारख्या सुशिक्षित वस्तीत त्या दिवसांत क्रिकेटची चर्चा कोणत्या घरी झाली नसेल? परंतु त्या चर्चेत या दोन गोष्टींचा उल्लेख कितीसा आला असेल, हे वाचकांनी आपल्याच मनाशी आठवून पाहावे.

येथे प्रथमच एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आरोप म्हणजे सिद्ध झालेला अपराध नव्हे. श्री. शमी यांनी आपल्यावरील आरोप नाकारले आहेत आणि निर्वाहखर्चाचा अंतरिम आदेश हा अपराधाचा निर्णय ठरत नाही. पोलिसांत गुन्हा नोंदला जाणे म्हणजेही केवळ चौकशीचा आरंभ होय. जेथे अपराधच ठरलेला नाही तेथे ‘दुसरी संधी’ हा शब्दप्रयोगच गैरलागू आहे. पहिल्या गोष्टीचा निकाल लागल्याखेरीज दुसरीचा प्रश्न उद्भवत नाही. तेथे समाजाचे कर्तव्य क्षमेचे नसून चौकशीचे आहे. आणि आमची मुख्य तक्रार हीच आहे, की चौकशी टाळण्यासाठीच क्षमेची भाषा आपण वापरू लागलो आहोत.

याचे प्रत्यंतर २०१८ मध्ये आले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात श्री. शमी यांच्या पत्नीने त्यांच्यावर मारहाण, छळ इत्यादी अनेक आरोप केले. त्यांतच पैशाच्या एका व्यवहाराविषयीचाही आरोप होता. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांचा वार्षिक करार रोखून धरला, आपल्या भ्रष्टाचारविरोधी विभागाकडून चौकशी करविली आणि पैशाच्या आरोपात तथ्य न आढळल्यामुळे त्याच महिन्यात करार बहाल केला. मंडळाने येथे अन्याय केला असे आम्ही म्हणत नाही. पैशाच्या बाबतीत निर्दोष ठरलेल्या मनुष्यास त्या कारणाने अडकवून ठेवणे चुकीचेच झाले असते. परंतु यातून निष्पन्न होणारी गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खेळाच्या शुचितेसंबंधीचा संशय एका महिन्याच्या आत निस्तरला गेला. उलट घरातील गाऱ्हाण्याचा प्रवास असा झाला, की अंतरिम निर्वाहखर्चाचा प्रश्न जुलै २०२५ मध्येही कलकत्ता उच्च न्यायालयापुढे होता. त्या वेळी पत्नीस दीड लाख आणि मुलीस अडीच लाख, असे दरमहा चार लाख रुपये देण्याचा आदेश झाला. मधल्या काळात २०२३ च्या विश्वचषकात श्री. शमी यांनी सर्वांहून अधिक, म्हणजे २४ बळी घेतले आणि वानखेडे मैदानावरील उपांत्य सामन्यात ५७ धावांत ७ गडी बाद केले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये त्यांस अर्जुन पुरस्कारही मिळाला. त्यांचे कौशल्य निर्विवाद आहे. ज्याविषयी वाद आहे, त्याचा निर्णय मात्र उभयपक्षी, त्यांच्याही आणि त्या स्त्रीच्याही हितासाठी, लवकर लागावयास हवा होता. निर्दोष मनुष्याच्या डोक्यावरही संशयाची टांगती तलवार सात वर्षे ठेवणे हा त्याच्यावरील उपकार नव्हे.

आता ज्या ठिकाणी न्यायालयाने काही ठरविले आहे असे एक उदाहरण घेऊ. टेनिसपटू श्री. लिअँडर पेस यांच्याविरुद्ध त्यांच्या पूर्वीच्या सहचारिणीने २०१४ मध्ये दाखल केलेल्या अर्जावर मुंबईच्या महानगर दंडाधिकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्णय दिला. त्यांच्याकडून कौटुंबिक हिंसाचार घडला असे त्यात म्हटले असून दरमहा एक लाख रुपये देण्याचा आदेशही आहे. हा निर्णय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील आहे. त्या कायद्याचा हेतू कोणास तुरुंगात धाडण्याचा नसून पीडित स्त्रीस संरक्षण, निवारा आणि निर्वाह मिळवून देण्याचा आहे, आणि तो केवळ मारहाणीसच हिंसा मानीत नाही. अपमान, धाक, आर्थिक कोंडमारा हीही हिंसाच होय, असे तो सांगतो. यानंतर दोन वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, श्री. पेस यांचा आंतरराष्ट्रीय टेनिसच्या कीर्तिमंदिरात समावेश झाला. त्या सन्मानाच्या वार्तेत वरील निर्णयाची आठवण किती जणांस झाली असेल? ऑलिंपिकचे पदक कोणी परत मागावे असे नाही. आमचा प्रश्न एवढाच, की ‘कीर्ती’ या शब्दात मनुष्याचा किती भाग येतो?

आमच्या मते ‘दुसरी संधी’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत: उपजीविका, क्षमा आणि सन्मान. त्या वेगळ्या केल्यावाचून या वादाचा निकाल लागणार नाही.

पहिली गोष्ट उपजीविकेची. शिक्षा भोगलेल्या मनुष्याने पुन्हा आपल्या धंद्यात पडू नये असे म्हणणे न्यायाचे नाही. सुताराच्या हातून करवत किंवा वकिलाच्या हातून सनद आपण अशा अपराधासाठी जन्मभर काढून घेत नाही. खेळाडूचा धंदा तर पस्तिशीच्या सुमारास संपावयाचा. शिवाय आणखी एक कारण आहे व तेच आम्हांस अधिक वजनदार वाटते. मिळविता मनुष्य बेकार झाला तर त्याचा पहिला घाव पत्नीवर आणि मुलांवर पडतो. न्यायालय निर्वाहखर्च ठरविते ते त्याच्या प्राप्तीच्या मानाने. तक्रार केली तर घरचे उत्पन्नच कायमचे बुडेल अशी भीती उत्पन्न झाली, तर स्त्रिया तोंड उघडणारच नाहीत. म्हणून जन्माची बंदी वरकरणी कडक दिसली, तरी तिचा फायदा बहुधा गुन्हेगारासच मिळेल. मुदतीची बंदी, वेतनाचा काही भाग कुटुंबासाठी राखून ठेवणे आणि सुधारणेची सक्ती हे उपाय त्याहून अधिक शहाणपणाचे आहेत.

दुसरी गोष्ट क्षमेची. ती देण्याचा अधिकार जिच्यावर हात उगारला गेला तिचा एकटीचा आहे. श्री. कांबळी यांच्या पत्नीने जाहीर मुलाखतीत सांगितले, की २०२३ मध्ये विभक्त होण्यासाठी केलेला अर्ज पतीची विपन्नावस्था पाहून आपण मागे घेतला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये श्री. कांबळी यांस रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा महाराष्ट्र हळहळला आणि ते योग्यच झाले. आजारी माणसाची शुश्रूषा करताना त्याच्या जमाखर्चाची वही कोणी उघडीत नाही. परंतु त्या बाईंचे औदार्य हे त्यांचे स्वतःचे आहे. त्यांनी सोसले म्हणून सर्वांनी सोसावे, किंवा त्यांनी क्षमा केली म्हणून जगास विचारण्याचा अधिकार उरला नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. कित्येक घरांत जिला आपण क्षमा म्हणतो ती निरुपायाचीच दुसरी बाजू असते.

तिसरी गोष्ट सन्मानाची, आणि ती सर्वस्वी आपल्या, म्हणजे समाजाच्या, हातची आहे. कोणासही पोट भरण्याचा हक्क असतो. हारतुऱ्यांचा हक्क मात्र कोणासच नसतो. येथे अटी घालणे केवळ योग्यच नव्हे, तर अवश्य आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनी प्रायश्चित्ताचा जो विचार केला, त्यातील कालबाह्य कर्मकांड बाजूस ठेवले तरी दोन गोष्टी शिल्लक राहतात. एक अशी, की पाप्याने परिषदेपुढे आपले पाप स्वमुखाने सांगितले पाहिजे. दुसरी अशी, की प्रायश्चित्त पुरे झाल्यावर समाजाने त्यास पुन्हा व्यवहारात घेतले पाहिजे. आजच्या व्यवहाराचे दुर्दैव असे, की बलवानास आपण पहिली गोष्ट माफ करतो आणि दुर्बळास दुसरी नाकारतो. वाल्याच्या कथेचीही हीच गत झाली आहे. त्याने आधी वाटमारी सोडली, पापाचा वाटेकरी घरात कोणी नाही हे जाणून सारा भार आपल्या शिरावर घेतला आणि अंगावर वारूळ चढेपर्यंत तप केले. ऋषी म्हणून जगाने त्यास ओळखले ते त्यानंतर. मधले वारूळ वगळून कथा सांगणे हे वाल्मीकीवरच अन्याय करणारे आहे.

अमेरिकेतील एक उदाहरण या ठिकाणी उद्‌बोधक होईल. तेथील फुटबॉलपटू रे राइस याने २०१४ मध्ये आपल्या भावी पत्नीस उद्वाहकात ठोसा मारून बेशुद्ध केले. क्रीडासंघटनेने प्रथम त्यास अवघ्या दोन सामन्यांची बंदी घातली. सप्टेंबरात त्या प्रसंगाचे चित्रण लोकांपुढे आले, तेव्हा त्याच संघटनेने त्यास बेमुदत दूर केले. ती बंदी पुढे लवादाने उठविली, परंतु तो पुन्हा कधी खेळला नाही. कृत्य तेच होते, पुरावाही मुळात तोच होता. बदलली ती पाहणाऱ्यांची लाज. पुढे तो आपला दोष उघडपणे सांगत तरुणांसमोर बोलत राहिला आणि २०२३ च्या अखेरीस त्याच्या जुन्या संघाने त्याचा मैदानावर गौरव केला. हा गौरव कोणास घाईचा वाटेल, कोणास वाटणार नाही. परंतु त्याच्या आणि अपराधाच्या मध्ये नऊ वर्षे आणि कबुली उभी होती, हे कबूल केले पाहिजे. उलट बेसबॉलच्या संघटनेने २०१५ मध्ये खास नियम केले. त्यांखाली २०१६ मध्ये एका प्रख्यात खेळाडूस ३० सामने बाहेर ठेवले आणि त्याच वर्षी तो विजेत्या संघातून मिरवला. नियम असावेत हे खरे, परंतु नियमाने मुदत संपते, मन बदलत नाही.

“घरची भांडणे चव्हाट्यावर का आणावीत?” हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. इतकेच नव्हे तर, काही कारणांनी पत्नीस मारणे योग्य आहे असे सुमारे ४५ टक्के स्त्रियांस आणि ४४ टक्के पुरुषांस वाटते, असेही त्याच पाहणीत आढळले. जी गोष्ट तीन-चार घरांआड एका घरी घडते, तीस खाजगी म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे. आमच्याच विदर्भातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून, बाईच्या दोषास एक माप आणि पुरुषाच्या दोषास दुसरे का, असा खडा सवाल टाकला होता. त्यात आज एवढीच भर घालावी लागते, की पुरुष पराक्रमी असला म्हणजे तिसरे माप निघते.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा: दोष ठरलेल्या खेळाडूस शिक्षेनंतर खेळू द्यावे आणि त्याने उत्तम चेंडू टाकला तर त्या चेंडूस टाळी देण्यासही हरकत नाही. परंतु शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यास प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणे, चौकाचौकात त्याचे फलक लावणे, मुलांस ‘असा हो’ म्हणून त्याच्याकडे बोट दाखविणे, हे सारे त्याने उघड कबुली, भरपाई आणि निष्कलंक वर्षे यांच्या बळावर पुन्हा मिळवावयाचे आहे. हे ठरविणारे मंडळ मुंबईत बसत नाही. ते धरमपेठेतील आपल्या दिवाणखान्यांत बसते. तेथेच आपल्या घरची लेक किंवा सून, सामना पाहता पाहता, वडीलधारी माणसे कोणत्या गोष्टीवर बोलतात आणि कोणत्या गोष्टीवर गप्प राहतात, हे ऐकत असते. उद्या तिच्यावर प्रसंग आला, तर तोंड उघडावे की नाही याचा निर्णय ती आपल्या त्या बोलण्यावरून आणि त्या मौनावरूनच करणार आहे.