घट, मुकुट आणि जुना स्पीकर

वूफरच्या कडेला बोट लावताच काळपट, चिकट भुगा हाताला येतो. कोन धड असतो, चुंबक जागच्या जागी असते, पेटीचे लाकूडही पुसले की उजळते. फक्त कोनाला लोखंडी चौकटीशी जोडणारी फोमची कड विरून गेलेली असते. गाणे लावले की डग्गा फडफडतो आणि खर्जाचा आवाज फाटतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हौसेने घेतलेल्या कितीतरी जोड्या आज याच अवस्थेत माळ्यावरून खाली येतात.

ग्वाल्हेरमध्ये या जुन्या जोड्यांना एक वेगळा संदर्भ आहे. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. तिथल्या वाड्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्यांतली काही आता जिवाजी विद्यापीठाच्या परिसरातल्या सिटी सेंटरमध्ये, फ्लॅटांत राहायला आली आहेत. वाडा सोडताना काय न्यायचे आणि काय सोडायचे याचा निवाडा करावाच लागतो. देव्हारा येतो, तंबोरा येतो आणि गाण्याचे घर असेल तर आजोबांनी घेतलेले स्पीकरही येतात. ते दुरुस्त करायचे, इथवर घरात एकमत असते. मतभेद त्यापुढे सुरू होतात. कड बदलली, कॅपॅसिटर बदलले, मूळचा ट्वीटर मिळेना म्हणून दुसरा बसवला. एवढे झाल्यावर हातात उरतात ते आजोबांचेच स्पीकर का?

हा प्रश्न केवळ हळवेपणाचा नाही. बदलून गेलेली वस्तू ‘तीच’ कशामुळे ठरते, यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आहे. त्या वादात कोणती बाजू पटते, यावर बाजारातून कोणता सुटा भाग आणायचा हेसुद्धा ठरते.

आधी वस्तूची स्थिती नीट पाहावी. साठच्या दशकाच्या अखेरीपासून अनेक कंपन्यांनी वूफरला पॉलियुरेथेन फोमची कड बसवली. फोम हलका, लवचीक आणि कोनाला मोकळेपणी पुढे-मागे होऊ देणारा. पण हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतो आणि उष्णता ते काम आणखी लवकर करते. पंधरा-पंचवीस वर्षांत कड भुसभुशीत होते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या आणि पावसाळ्यात दमट होणाऱ्या ग्वाल्हेरमध्ये हे व्हायचेच. जोडी रोज वाजवली काय किंवा चादर घालून जपून ठेवली काय, फोम झिजायचा थांबत नाही. न वापरलेली वस्तू जशीच्या तशी राहते, या समजुतीला इथे पहिला धक्का बसतो. ज्या स्पीकरला ‘काहीच हात लावलेला नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते, तो मुळात बदललेलाच असतो. म्हणून निवड ‘बदल करावा की नाही’ अशी नसते. काळाने केलेला बदल स्वीकारायचा की माणसाने विचारपूर्वक केलेला, एवढीच ती असते.

बौद्ध भिक्षू नागसेन आणि मिलिंद राजा यांचा रथावरचा संवाद प्रसिद्ध आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जूही नव्हे. भागांच्या विशिष्ट जुळणीला व्यवहारात दिलेले नाव म्हणजे रथ. स्पीकरची पेटी उघडून वूफर, ट्वीटर, स्वर वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणारी क्रॉसओव्हरची पट्टी आणि आतली लोकर टेबलावर मांडली, तर नागसेनाचे म्हणणे डोळ्यांसमोर सिद्ध होते. न्याय-वैशेषिकांना मात्र हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ खरोखर असतो आणि तो अवयवांत समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहतो. पण याच भूमिकेमुळे त्यांना एक कठीण निष्कर्षही स्वीकारावा लागतो. एखादा अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या भागांतून नवा उत्पन्न होतो. फाटलेले वस्त्र हे त्यांचे ठरलेले उदाहरण. या हिशेबाने फोमची कड बदलताच स्पीकर नवा झाला. आणि तरीही गाणे सुरू झाल्यावर घरातले वडीलधारे ‘हाच तो आवाज’ म्हणतात. या ओळखीला नैयायिक प्रत्यभिज्ञा म्हणतात आणि वस्तू टिकून राहते याचा पुरावा मानतात. बौद्ध म्हणतात, सारखेपणामुळे तसे भासते, दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही एकच वाटते तसे.

या दोघांच्या मधली वाट जैन विचाराने काढली. ग्वाल्हेरकरांना ती शोधायला दूर जावे लागत नाही.

किल्ल्याच्या कड्यांमध्ये, उरवाही दरवाजाच्या चढावर, तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात कोरलेल्या तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आहेत. त्यांतली आदिनाथांची मूर्ती पन्नास फुटांहून उंच आहे. सोळाव्या शतकात बाबर ग्वाल्हेरला आला. या मूर्ती फोडण्याचा हुकूम दिल्याचे त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. अनेक मूर्तींचे चेहरे त्यात गेले. पुढे जैन समाजाने त्यांतल्या काहींची मुखे गिलाव्यात पुन्हा घडवली. आज हात जोडणाऱ्या भाविकासमोर धड तोमरकालीन दगडाचे आणि मुख नंतरच्या गिलाव्याचे, असे एकच दैवत उभे असते. पूजेला त्याने बाध येत नाही. शिल्पकलेचा अभ्यासक मात्र त्याच मूर्तीपुढे उभा राहून दोन वेगळ्या काळांची नोंद करतो. दोघेही खरे बोलतात.

दोघे एकाच वेळी खरे कसे, याचे उत्तर दिगंबर परंपरेतले आचार्य समंतभद्र यांनी ‘आप्तमीमांसे’त एका छोट्या दृष्टांतात दिले आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला जातो. ज्याला घट हवा होता तो दुःखी होतो. ज्याला मुकुट हवा होता तो आनंदतो. ज्याला सोने हवे होते तो शांत राहतो. घटना एकच, पण तिच्यात नाश, उत्पत्ती आणि स्थिती तिन्ही खरोखर आहेत, म्हणून तिघांच्या भावना सकारण आहेत. कुणी भ्रमात नाही.

जुन्या स्पीकरभोवती हेच तिघे बसलेले असतात. आजोबांच्या हातच्या वस्तूवर जीव असलेल्याला घट हवा असतो. त्याला जाळीचे विटलेले कापडसुद्धा बदललेले चालत नाही. आजच्या ध्वनिमुद्रणांतले सगळे बारकावे ऐकू यावेत असे वाटणाऱ्याला मुकुट हवा असतो. आणि तिसऱ्याला सोने. मात्र इथे सोने म्हणजे नेमके काय, हे ठरवणे सोपे नाही. लाकूड आणि चुंबक म्हणजे सोने, असे पटकन वाटते. पण स्पीकरच्या रचनेत जरा खोल शिरले की ते दुसरीकडेच सापडते.

1954 मध्ये एडगर व्हिलचर यांनी अमेरिकेत ‘अकूस्टिक रिसर्च’ कंपनीचा एआर-1 हा स्पीकर आणला. त्यात कोनाला जागेवर परत आणणारी स्प्रिंग म्हणजे बंद पेटीतली हवाच होती. त्यामुळे कोनाची कड अगदी सैल ठेवता आली आणि छोट्या पेटीतूनही खोल खर्ज निघू लागला. अशा स्पीकरमध्ये कडेचा मऊपणा, पेटीचे आकारमान आणि सांध्यांचा घट्टपणा एकमेकांच्या हिशेबाने ठरलेले असतात. वूफर तळव्याने हलकेच आत दाबून सोडला आणि तो सावकाश परत आला, तर पेटी हवाबंद आहे असे समजावे. झटकन परतला, तर कुठेतरी हवा गळते आहे. त्या जागी महागातली पण ताठर रबरी कड चिकटवली, तर भाग दर्जेदार असूनही हा मेळ बिघडतो.

क्रॉसओव्हरमधला कॅपॅसिटर याचे आणखी नेमके उदाहरण आहे. जुन्या क्रॉसओव्हरमध्ये बहुधा बिनध्रुवी इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असत. वयाबरोबर त्यांचे मूल्य सरकते आणि अंतर्गत रोध वाढतो, म्हणून ते बदलावेत हे योग्यच. त्यांच्या जागी फिल्मचा कॅपॅसिटर बसवावा, असा सल्ला मिळतो. तो जास्त टिकतो आणि त्याला अंतर्गत रोध जवळपास नसतो. पण मूळ अभियंत्याने स्पीकर जुळवताना नव्या इलेक्ट्रोलिटिकचा थोडासा रोध हिशेबात धरलेला असू शकतो. तो नाहीसा झाला की ट्वीटरला जास्त शक्ती पोचते आणि सारंगी कानाला बोचू लागते. मायक्रोफॅरडचा आकडा तोच, भाग अधिक चांगला, आणि आवाज मात्र दुसराच. अशा वेळी जाणकार कॅपॅसिटरच्या एकसरीत अर्ध्या-एका ओहमचा रोधक जोडतात आणि तोल परत आणतात. म्हणजे मुळात नसलेला एक भाग घातल्याने स्पीकर मूळच्या जवळ गेला.

सोने कुठे आहे ते इथे उघड होते. ते पदार्थात नाही आणि सुट्या भागांच्या नावांतही नाही. ते भागांच्या परस्परसंबंधात आहे, म्हणजे ज्या मेळातून विशिष्ट आवाज निघतो त्यात आहे. योग्य मऊपणाची नवी कड हे सोने राखते. फॅक्टरीतली चाळीस वर्षांपूर्वीची, पण सुकून कडक झालेली ‘ओरिजिनल’ कड ते गमावते.

ग्वाल्हेरच्या संगीताचा इतिहासही हेच सांगतो. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची गायकी वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना मिळाली आणि त्यांनी ती महाराष्ट्रात आणली. मिरजेत त्यांच्याकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुसकर 1955 मध्ये वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांतून राहिला. प्रत्येक पिढीत गळा बदलला. जे टिकले ते स्वर लावण्याच्या, बंदिश मांडण्याच्या आणि लयीशी खेळण्याच्या नात्यांत टिकले, आणि म्हणूनच त्याला ग्वाल्हेर घराणे म्हणता येते. मिरजेच्या तंबोऱ्याचेही तसेच. तारा कितीदा तरी बदलतात, घोडीवरची जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते, भोपळ्याला तडा गेला तर सांधतात. तंबोरा बदलला, असे कोणी म्हणत नाही. पण जवारी भलत्याच हाताने घासली तर सगळे मूळचे भाग जागेवर असूनही ‘हा तो तंबोरा नव्हे’ अशी तक्रार गायक लगेच करतो.

सोने राखायचे तर आधी दोष नेमका कुठे आहे हे कळले पाहिजे. त्यासाठी नैयायिकांनी दिलेले साधन अन्वय-व्यतिरेक, म्हणजे कारण असेल तिथे कार्य असणे आणि नसेल तिथे नसणे. डावा स्पीकर खरखरतो आहे, तर दोन्हींच्या वायरी ॲम्प्लिफायरवर आपसांत बदलाव्यात. खरखर उजवीकडे गेली तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही मागे. डावीकडेच राहिली तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. आवाज विरळ, खर्ज गायब आणि गायक कुठे बसला आहे तेच कळत नाही, असे असेल तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागलेल्या असू शकतात. दीड व्होल्टचा सेल क्षणभर वूफरला लावून पाहावा. धन टोक लाल खुणेला लावल्यावर दोन्ही कोन एकाच दिशेला सरकायला हवेत. मल्टिमीटरवर आठ ओहमच्या स्पीकरचा वूफर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर व्हॉइस कॉइल तुटली आहे. अकूस्टिक रिसर्चच्याच एआर-3एसारख्या जोडीतला ट्वीटर मुका झाला, तर दोष पुष्कळदा ट्वीटरचा नसतोच. त्याची पातळी ठरवणाऱ्या मागच्या नॉबची आतली तार गंजलेली असते. हे न तपासता ट्वीटर फेकला, तर निर्दोष अवयवाला शिक्षा होते आणि परत न मिळणारी वस्तू जाते.

धर्मपरंपरेनेही जीर्णोद्धाराला असाच क्रम घालून दिला. दुरुस्तीआधी मूर्तीतले देवत्व विधिपूर्वक कलशात घेतले जाते, काम सुरू असेपर्यंत पूजा तिथे चालते आणि काम झाल्यावर ते पुन्हा मूर्तीत प्रतिष्ठित होते. काय राखायचे हे आधी ठरवून बाजूला घ्यायचे आणि मगच छिन्नीला हात घालायचा, हा त्यातला विवेक. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर 1955 मध्ये वज्रलेप झाला आणि 2015 मध्ये पुरातत्त्व खात्याने संवर्धन केले. पंढरपूरला पदस्पर्शाने झिजणाऱ्या विठ्ठलाच्या चरणांवरही लेप द्यावे लागले. दोन्हीकडे वाद झाले ते याच मुद्द्यावर, की मूळ रूपाला किती हात लावायचा.

म्हणून सिटी सेंटरमधल्या घराने घट, मुकुट आणि सोने मागणाऱ्या तिघांपैकी कोण बोलते आहे ते उघड विचारावे. घट हवा असेल तर जोडी स्वच्छ करून, न वाजवता आठवण म्हणून ठेवण्यात काही गैर नाही. मुकुट हवा असेल तर आजोबांची पेटी कोरून त्यात नवे भाग ठोकण्यापेक्षा नवी जोडी घेणे प्रामाणिकपणाचे. सोने हवे असेल तर दुरुस्ती करावी, पण पुढच्या पिढीला वेगळा निर्णय घेता येईल अशा बेताने. स्मारकांच्या जतनाविषयीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेत नवा भाग मूळ भागाशी मिसळावा, पण ओळखूही यावा, असे तत्त्व आहे. स्पीकरला ते जसेच्या तसे लागू पडते. काढलेले कॅपॅसिटर पाकिटात घालून पेटीतच ठेवावेत, नव्या भागांची मूल्ये आणि तारीख आतल्या फळीवर लिहावी, क्रॉसओव्हरची जुनी पट्टी कापू नये. नवी कड चिकटवताना इपॉक्सी टाळावा आणि पाण्याने मऊ होणारा पांढरा डिंक वापरावा. वीस वर्षांनी ही कडही विरेल, तेव्हा तो डिंक कोनाचा कागद न फाडता सोडवता येतो.