वरात सुटली, कवी अडकला

लग्नसराईत बीडहून गेवराईकडे निघा नाहीतर केजकडे, एखादी वरात आडवी येतेच. टेम्पोवर रचलेले बॉक्स, मागे धडधडणारा जनरेटर, लॅपटॉपपुढे विशीतला डीजेवाला. गाणं जुनंच असतं, पण त्यातला मुखडा तेवढा शिल्लक असतो. त्याच्याखाली नवा ठेका बसवलेला, आणि थोड्या थोड्या वेळाने एक भारदस्त आवाज मिक्स करणाऱ्या डीजेचं नाव पुकारतो. मूळ कवीचं नाव कुठेच नाही.

हे कायदेशीर आहे का? आपला 1957 चा कॉपीराइट कायदा वरातीला चांगलाच ओळखतो. धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर तो हक्कभंग नव्हे, आणि अशा समारंभात लग्नाची वरातही धरावी, असं कलम 52 सांगतं. लग्नातल्या गाण्यांवर रॉयल्टी मागू नये, अशी जाहीर सूचना केंद्राने जुलै 2023 मध्ये काढली. मात्र आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीचा त्या कलमात उल्लेख नाही. शिवाय सूट आहे ती वाजवण्यापुरती. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग कापून त्यावर ठेका चढवायचा, तर हक्कदारांची परवानगी लागतेच. म्हणजे वरात सुटते, पेनड्राइव्ह अडकतो.

ऐकणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. नुसतं ऐकणं हा हक्कभंग नव्हे. कायद्याचा रोख बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आणि पसरवणाऱ्यावर आहे. पैसे घेऊन मेमरी कार्डात गाणी भरून देणारा दुकानदार त्यात येतो. यूट्यूबवर वेगळाच व्यवहार चालतो. तिथली यंत्रणा मूळ रेकॉर्डिंग ओळखते आणि मालक कंपनीपुढे पर्याय ठेवते: मिक्स रोखा, किंवा चालू देऊन जाहिरातीचे पैसे घ्या. अनेक अनधिकृत मिक्स असेच तगून असतात. त्याला परवाना म्हणता येणार नाही. तो कंपनीने केलेला काणाडोळा आहे.

तामिळ सिनेमात हा व्यवहार उघड होतो, आणि वाद झाला तर वकिलांपर्यंत जातो. ए. आर. रहमान यांनी 1970 च्या ‘सोर्गम’मधलं गाणं 2007 च्या ‘अळगिय तमिळ मगन’मध्ये नव्याने बांधलं, ते चित्रपटातच, उघडपणे. ‘मंजुम्मेल बॉइज’ या मल्याळम चित्रपटात आपलं ‘गुणा’तलं गाणं वापरलं म्हणून संगीतकार इळैयाराजांनी 2024 मध्ये निर्मात्यांना नोटीस धाडली. आपल्याकडच्या शाहिरामागे असा वकील कुठला?

त्याच्याकडे होती ती नाममुद्रा. संतांच्या अभंगांपासून वामनदादा कर्डकांच्या भीमगीतांपर्यंत कवी आपलं नाव शेवटच्या कडव्यात ओवत आला. छापील कागद नसला, कॅसेटच्या वेष्टनावर नाव आलं नाही, तरी गाणं गाणाऱ्याच्या तोंडून कवी जिवंत राहायचा. डीजे मिक्स मुखड्यावरच गरगरतं. शेवटचं कडवं येतच नाही. जिथे कवीचं नाव असायचं, तिथे आता डीजेचं वाजतं. वामनदादा 2004 साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2064 अखेर टिकणार आहे. कलम 57 तर असं सांगतं की, हक्क विकला तरी कर्तेपण कवीचंच राहतं.

पण डीजेवाल्या पोरांना नुसतं चोर ठरवून भागणार नाही. त्यांना सरळ वाट हवी. जुनं गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करायला कलम 31 सी मध्ये वाट आहे: पहिल्या रेकॉर्डिंगला पाच वर्षं उलटली की ठरलेली रॉयल्टी भरायची. पण शब्द-चालीत मनाजोगा बदल चालत नाही, आणि प्रती काढाल त्या दर वर्षी किमान 50,000 प्रतींचे पैसे मोजावे लागतात. माजलगावच्या पोराला हे कसं झेपावं? एखाद्या भाषेसाठी किंवा बोलीसाठी हा आकडा खाली आणण्याची तरतूद त्याच कलमात आहे. ती लोकगीतांसाठी वापरावी आणि तिची कक्षा रीमिक्सपर्यंत वाढवावी. माफक रक्कम, थेट कवीच्या वारसांना वाटा, आणि एक सक्तीची अट: ज्या आवाजात डीजेचं नाव पुकारलं जातं, त्याच आवाजात आधी कवीचं.

तोवर आपल्या हातात एवढं आहे: मूळ गाणं अधिकृत ठिकाणी शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकायचं, आणि डीजेवाल्याला सुपारी देताना विचारायचं, ‘गाणं कुणाचं आहे रे?’