बोललेल्या शब्दाची मालकी

उदगीरला एप्रिल २०२२ मध्यें पंचाण्णवावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां लातूर-नांदेडकडील आम्हां मंडळींना तें घरच्या कार्यासारखेंच वाटलें. श्री. भारत सासणे अध्यक्ष होते. ऊन मी म्हणत होतें. त्या गर्दींतील एक दृश्य माझ्या मनांत राहून गेलें. व्यासपीठावर लेखक बोलूं लागला कीं श्रोत्यांचे कितीतरी हात वर होत, आणि प्रत्येक हातांत मोबाईल. लेखक बोलत असे समोर बसलेल्यांशीं. परंतु त्याचे शब्द टिपले जात होते कोणासाठीं, हें त्याला ठाऊक नव्हतें, आणि टिपणारांनाही बहुधा नसावें.

ह्याबद्दल मी तक्रार करीत नाहीं. १८७८ सालीं पुण्यास न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें पहिलें ग्रंथकार संमेलन भरलें, त्यांतील चार वाक्यें त्यांच्याच आवाजांत मिळालीं असतीं तर कोणास नको होतीं? एडिसनचें यंत्र आदल्याच वर्षीं निघालें होतें. पण तें पुण्यापर्यंत कोठून येणार! आमच्या नांदेडचे नरहर कुरुंदकर १९८२ च्या फेब्रुवारींत औरंगाबादेस व्यासपीठावरच गेले. मी तेव्हां शाळकरी होतों. त्यांना समोर बसून ऐकण्याचा योग आला नाहीं. पुढें ध्वनिफितीवरून तो आवाज कानीं पडला, तेव्हां माझ्या अंगावर कांटा उभा राहिला. शेजारीं बसलेले वडील मात्र थोडा वेळ ऐकून म्हणाले, "आवाज त्यांचाच. पण मध्येंच थांबून समोरच्याकडं बघायचे, ते ह्यात कुठं आहे?"

भाषण मनाशीं जुळवून, निदान कांहीं ठरवून केलेलें असतें. संभाषणाचें तसें नाहीं. विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून, सभेचा रागरंग पाहून, कधीं नुसत्या आठवणीच्या ओघांत माणूस बोलून जातो. आणि संभाषणाची गोडीही त्यांतच आहे. असें बोलणें जपून ठेवलें, तर तें कोणाच्या मालकीचें? बोलणाराच्या, ऐकणाराच्या, कीं जपणाराच्या? हा प्रश्न माझ्यापुढें पुस्तकांतून आलेला नाहीं.

बारा-तेरा वर्षें होऊन गेलीं. लातूरकडील एका लहानशा संमेलनांत एका वयोवृद्ध कथाकारांची मुलाखत घेण्याचें काम माझ्याकडे आलें. तीनेकशें श्रोते असतील. त्यांची एक कथा आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों. तिच्या शेवटाविषयीं मीं विचारलें. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तो शेवट माझा नव्हे." तालुक्याच्या गांवीं शिक्षक असलेल्या एका मित्रानें एका रात्रीं ओसरीवर तो सांगितला होता. मित्राचें नांवही त्यांनीं घेतलें. मित्र हयात नव्हता. स्वतः त्यानें आयुष्यांत एक ओळ छापली नव्हती. सभा निःशब्द झाली.

दुसऱ्या दिवशीं सकाळींच त्यांचा दूरध्वनि आला. "सर, कालचं तेवढं काढून टाका. बोलता बोलता जास्त बोलून गेलो. शेवट दोघांचा होता. कोणाचा किती, ते आता मलाच सांगता येत नाही." मुद्रण माझ्याकडे होतें. मीं एका विद्यार्थ्याकडून तेवढा भाग काढविला. चाळीस सेकंद, सांधा कोणाच्या कानास लागत नाहीं. मूळ प्रत ठेवावी, हें मला सुचलेंही नाहीं. वडीलधाऱ्या माणसाचा शब्द राखला, ह्याचें समाधानच वाटलें.

दोन वर्षांनीं ते वारले. त्यानंतर एके दिवशीं त्या शिक्षक मित्राची मुलगी माझ्या घरीं आली. "सरांनी त्या दिवशी बाबांचं नाव घेतलं होतं म्हणे. ऐकायला मिळेल का?"

तिला काय उत्तर द्यावें, हें मला समजेना. तेव्हांपासून मी ह्या प्रश्नाचा विचार करीत आलों आहें. प्लेटोच्या 'फीड्रस' संवादांत सॉक्रेटिसानें लिहिलेल्या शब्दावर असा आक्षेप घेतला आहे कीं, त्याला कितीही विचारा, तो एकच एक सांगत राहतो. नको त्याच्या हातीं पडतो. आणि कोणीं अन्याय केला तर रक्षणासाठीं त्याला आपल्या बापाचीच वाट पाहावी लागते. ध्वनिमुद्रणानें बोललेल्या शब्दासही तीच गति दिली. मग बाप येऊन 'हा शब्द मागें घेतों' म्हणाला, तर त्याला नाहीं कसें म्हणावें? मीं तेंच केलें. आणि तरीही चुकलों. कारण तो शब्द एकट्या बापाचा नव्हता. तो दुसऱ्या एका माणसाविषयीं होता, आणि त्या माणसाला, किंवा त्याच्या माणसांना, कोणींच विचारलें नव्हतें.

ह्या बाबतींत आपल्या भाषेचा पहिला मोठा गद्यग्रंथच मला मार्गदर्शक वाटतो. सुमारें १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी त्या पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. तो ग्रंथ म्हणजे मुख्यतः संभाषणेंच. स्वामी कोठें होते, कोणीं काय विचारलें आणि मग ते काय म्हणाले, ह्या क्रमानें तो चालतो. त्याच्या पोथ्यांत एकाच लीळेविषयीं निरनिराळ्या जणांच्या स्मरणांतील भेदही नोंदलेले आढळतात. कोणाचें स्मरण खरें, ह्याचा निकाल लावून बाकीचें पुसून टाकण्याची घाई तेथें नाहीं. पुढें केसोबासांनीं स्वामींचीं वचनें वेगळीं काढून 'सूत्रपाठ' रचला. पाठांतरास तो फार सोयीचा. पण प्रश्न गेला, प्रसंग गेला, आणि नुसतें वचन उरलें. म्हणूनच कीं काय, कोणतें सूत्र कोणत्या प्रसंगीं निघालें हें सांगणारे 'प्रकरणवश' नांवाचे ग्रंथ महानुभावांना पुन्हां रचावे लागले.

उदगीरच्या मंडपांत वर झालेले हात मला ह्याच संदर्भांत आठवतात. एक तासाच्या संभाषणांतील चाळीस सेकंद उचलून गांवभर पाठविणारा तरुण आणि तेच चाळीस सेकंद गाळून उरलेला तास जपणारा माझ्यासारखा प्राध्यापक, ह्यांच्यांत मला पूर्वी फार मोठें अंतर वाटे. तो उथळ, मी जबाबदार! आतां तसें म्हणवत नाहीं. त्याच्या चुकीची निदान दुरुस्ती होऊं शकते. मूळ तास कोठें तरी शिल्लक असतो.

मग वृद्ध लेखकाची विनंति धुडकावावयाची होती काय? तेंही मला पटत नाहीं. त्यांचें दुसऱ्या दिवशींचें बोलणें कदाचित् अधिक खरें होतें. 'शेवट माझा नव्हे' ह्या वाक्यांत थोडें नाट्य होतें, सभेचा मोह होता. 'कोणाचा किती, सांगतां येत नाहीं' ह्यांत तें नव्हतें. दोन माणसें रात्रीं ओसरीवर बसून बोललीं, कीं त्यांतून निघालेल्या गोष्टीची वांटणी अशीच अवघड असते. मीं त्यांच्या घरीं जावयास हवें होतें, यंत्र पुढें ठेवून म्हणावयास हवें होतें, 'हें आत्तां म्हणालांत तेंही सांगा'. आणि पहिलें व दुसरें दोन्ही एकापुढें एक ठेवावयास हवें होतें. त्यांनीं नकार दिला असता, तर निदान तो भाग त्यांच्या हयातींत बंद ठेवतां आला असता. ह्यांतलें कांहींच कठीण नव्हतें. कठीण होतें तें फक्त ज्येष्ठ माणसाला फोनवर 'थांबा' म्हणणें.

त्या मुलीला मीं घडलें तें सगळें सांगितलें. ती रागावली नाहीं. रागावली असती तर बरें वाटलें असतें. तिच्यादेखत मीं सभेंतील वाक्य आणि दुसऱ्या दिवशींचें बोलणें, आठवलें तसें, एका कागदावर लिहिलें व खालीं सही केली. तिनें तो दोनदां वाचला. "बाबा ओसरीवर रात्री गोष्टी सांगायचे, हे खरं आहे," एवढेंच ती म्हणाली, आणि एक प्रत घेऊन गेली. दुसरी प्रत मीं मुद्रणाच्या पाकिटांत ठेवली आहे. पाकिटावर लिहिलें आहे: ह्यांत चाळीस सेकंद नाहींत; कथेच्या शेवटाविषयींच्या प्रश्नानंतरचे; मीं काढविले.