खिडकी आणि अहिंसा
उष्ण-दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक षष्ठांश जागा खिडक्या-झरोक्यांना हवी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. हा नियम मला अहिंसेचाच भाग वाटतो. क्षयाचे जंतू कोंदट हवेत तासन्‌तास तरंगतात. वारा खेळता असला की ते विरळ होतात. पण समोर मोकळी जागाच नसेल, तर खिडकी असूनही वारा येत नाही. मग मुंबईत गोवंडीच्या झोपडपट्टी पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर सोडणे ही नियमातली निव्वळ तांत्रिक सवलत कशी मानायची? कोणी म्हणेल, यात मारण्याचा हेतू नव्हता, आणि झोपडीपेक्षा पक्के घर कधीही बरे. पण परिणाम ठाऊक असताना केलेली कृती हेतूच्या आड लपू शकत नाही. जैन आचार्यांनी तर प्रमादालाच, म्हणजे बेफिकिरीलाच, हिंसेचे मूळ मानले आहे. शिवाय अशा कोंदट घराची नाइलाजाने पत्करलेली तडजोड एका कुटुंबापुरती उरत नाही, शेजारचे मूलही तीच हवा श्वासात घेते. ही सवलत शासनाने रद्दच करावी.