कबर नाकारल्यानंतर

दरवर्षी २६ नोव्हेंबर जवळ आला की आमच्यात एक आठवण हमखास निघते. मुंबईवर हल्ला करून मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना आम्ही दफनासाठी जागा दिली नाही, ही ती आठवण. सभेत कुणीतरी ती अभिमानाने सांगतो, निवेदनात ती पहिल्या परिच्छेदात येते. समोरचे मान डोलावतात. आम्हालाही बरे वाटते, आणि या बरे वाटण्याविषयीच आता बोलायला हवे, असे आम्हाला वाटते.

२००८ सालची ती बुधवारची रात्र आम्ही टीव्हीसमोर काढली. नंतरच्या दोन रात्रीही. ज्यांचे कुणी व्हीटीला गाडी पकडायला गेले होते, त्यांचे फोन लागत नव्हते. एकूण १६६ निरपराध माणसे गेली, त्यातली ५८ एकट्या व्हीटी स्थानकात. गाडीची वाट बघत गाठोड्यांना टेकून बसलेली ती माणसे. त्यांत मुसलमानही बरेच होते. गोळी झाडणाऱ्याने नाव विचारले नव्हते. पण खरे सांगायचे तर त्या रात्री आमचा जीव दोन ठिकाणी अडकला होता. एक, आपले माणूस सुखरूप आहे ना. आणि दुसरे, मारणाऱ्यांची नावे काय निघतात. शेजारच्या घरात फक्त पहिली काळजी होती. दुःखाची अशी वाटणी होणे ही काय चीज आहे, ते ज्याला भोगावे लागते त्यालाच कळते.

मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानाचा कारभार पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने त्या नऊ मय्यतींना जागा नाकारली. इतरांनीही तीच भूमिका घेतली. ९ डिसेंबरला बकरी ईद होती. अनेकांनी दंडाला काळ्या फिती लावून नमाज पढली. प्रेते जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षाहून अधिक काळ पडून होती. जानेवारी २०१० मध्ये सरकारने ती गुपचूप पुरली आणि ही गोष्ट गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी एप्रिलमध्ये विधिमंडळात सांगितली.

त्या वेळचा नकार आम्हाला आजही चुकीचा वाटत नाही. ज्या शहरात अजून मय्यती उचलल्या जात होत्या, तिथे मारणाऱ्यांना मारल्या गेलेल्यांच्या शेजारी निजवायचे कसे? शेजाऱ्याचा हक्क आमच्या दीनमध्ये केवढा मोठा मानला आहे. तो कबरीतल्या शेजाऱ्यालाही असावा. एवढे कारण पुरेसे होते. पण आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. आम्ही म्हणालो, हे मुसलमानच नव्हेत. आणि इथे आमचे पाऊल थबकते.

कलमा पढणाऱ्याला इस्लामबाहेर काढण्याचा अधिकार कुणाचा? हा प्रश्न नवा नाही. खारिजींनी तो आपल्या हाती घेतला. ज्यांचे म्हणणे पटले नाही त्या मुसलमानांना काफिर ठरवले, आणि त्यांच्यातल्याच एकाने इ. स. ६६१ मध्ये हजरत अलींवर तलवार चालवली. आजच्या अतिरेक्यांचे हत्यारही तेच आहे. आधी माणसाला बाहेर काढायचे, मग मारायचे. आम्ही कुणाला मारले नाही, हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. तरी त्यांचे शब्द आम्ही वापरले, आणि त्याने आमची एका अवघड प्रश्नातून सुटकाही झाली. ते मुसलमान नव्हते म्हटले की, त्या पोरांना आमच्याच दीनची कोणती भाषा वापरून तयार केले, हे पाहण्याची गरज उरत नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सूरह माइदामधली ती आयत सगळीकडे सांगितली जाते: एका निरपराधाला मारणे म्हणजे साऱ्या मानवजातीला मारणे. सांगायलाच हवी. पण तिच्या अगदी आधीची आयत फारसे कुणी सांगत नाही. आदमच्या एका मुलाने भावाला मारले आणि प्रेताचे काय करायचे ते त्याला सुचेना. तेव्हा अल्लाहने एक कावळा पाठवला. तो जमीन उकरू लागला. खुनानंतर माणूस जी पहिली गोष्ट शिकला ती दफन. आणि शिकणारा खुनी होता! मय्यतीला माती देणे हे आमच्यात फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी केले तर सर्वांवरून उतरते, कुणीच केले नाही तर सर्वांवर राहते. एका यहुद्याची मय्यत जाताना पैगंबरसाहेब उठून उभे राहिले होते. लोकांनी तो यहुदी असल्याची आठवण दिली, तर तोही एक जीवच ना, असे त्यांनी उलट विचारले. हे आम्ही मुलांना शिकवतो.

३० जुलै २०१५ ला नागपुरात याकूब मेमनला फाशी झाली आणि त्याच दिवशी त्याच बडा कबरस्तानात त्याला मूठमाती मिळाली. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसे मेली होती. तेव्हा लोकांनी आम्हाला विचारले, त्यांना नाही, मग याला कसे? उत्तर सोपे होते: त्याला या शहरात घर होते, मय्यत मागणारे नातलग होते, त्या नऊ जणांना इथे कुणीच नव्हते. म्हणजे माती द्यायची की नाही हे पाप मोजून ठरत नसते. पण २००८ चा नकार आम्ही दाखल्यासारखा मिरवत आलो होतो. त्यामुळे हे साधे उत्तर आमच्या तोंडून निघाले तरी ऐकणाऱ्याला पळवाटच वाटली. दाखला एकदा दाखवला की पुढच्या वेळी तो मागितला जातोच.

आणि या साऱ्यात व्हीटीवरची माणसे मागे राहतात. दरवर्षी आम्ही नऊ मारेकऱ्यांविषयी बोलतो, त्यांना आम्ही काय दिले नाही ते सांगतो. तुकाराम ओंबळे यांचे नाव घेतो, ते घ्यायलाच हवे; नुसत्या हातांनी त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली. पण त्या स्थानकात गेलेल्या मुसलमानांपैकी दोघांची नावे सांगा म्हटले, तर सभेत किती हात वर येतील? त्यांच्या मय्यतीही उचलल्या गेल्या, त्यांचाही जनाजा झाला, त्यांच्याही घरात चाळीसावा झाला. त्यांच्यासाठी फातिहा पढायला कुणाचे मन वळवावे लागत नाही, आणि कुणी ती पढल्याचा पुरावाही मागत नाही.